स्वमग्न मूल मोठें होतें तेव्हां

हांक मारली तरी मूल वळून पाहात नाहीं, खेळण्याच्या मोटारीचें एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसतें, ऐकलेलेंच वाक्य पुन्हां पुन्हां म्हणतें. अशा मुलास स्वमग्न म्हणतात, हें आतां सुशिक्षित घरांतून बहुधा ठाऊक असतें. त्याच्यासाठीं शाळा शोधली जाते, उपचार होतात, नातेवाईकहि आस्थेनें विचारपूस करतात. मग तेंच मूल पंधरा-सोळा वर्षांचें होतें. मिसरूड फुटतें, आवाज घोगरा होतो, आणि विचारपूस करणारे हळूहळू कमी होतात. आईबापांच्या मनांत मात्र एक प्रश्न घर करून राहातो, व तो ते एकमेकांपाशींहि सहसा बोलत नाहींत: आपल्यामागें याचें कसें होणार?

पाढे तोंडपाठ असलेला मुलगा दुकानदाराकडून सुटे पैसे परत घेतांना अडतो. सर्व रेल्वे स्टेशनें क्रमानें सांगणारा दुसरा एस. टी. च्या थांब्यावर भोंग्यानें गोंधळून कान झांकून खालीं बसतो. कांहींच्या बाबतींत बुद्धीचीहि मर्यादा असते. पण अडचणीचें मूळ बहुधा निराळें असतें. रांगेंत किती अंतर ठेवावें, पाहुण्याशीं किती वेळ बोलावें, थट्टा कशास म्हणावें, हें इतर मुलें पाहतां पाहतां उचलतात; ह्यांना तें पायरीपायरीनें दाखवावें लागतें. 'स्वमग्न' हा शब्दहि जरा फसवाच म्हटला पाहिजे. त्यावरून ह्यांना माणसें नकोतच असें वाटतें. वास्तविक पुष्कळांना सोबत हवी असते. ती मिळविण्याची रीत तेवढी उमगत नाहीं.

बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेथून ह्या विषयाचा अभ्यास सुरू झाला. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला कांहीं काळ एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यांत आलें. तो मक्याच्या ओळी मोजीत सुटे, तेव्हां त्या दांपत्यानें त्याला शेत नांगरतां नांगरतां ओळी मोजावयास सांगितलें. तो सारखें माप घेई, तर विहीर खणून तिची खोली सांगण्याचें काम दिलें. छंद तोच, पण त्याचा उपयोग होऊं लागला. पुढें डोनाल्डनें मिसिसिपींतील आपल्या गांवीं घराण्याचा संबंध असलेल्या बँकेंत नोकरी केली, एकट्यानें दूरदूरचे प्रवास केले, आणि २०२३ सालीं वयाच्या ८९ व्या वर्षीं तो वारला. प्रत्येकाच्या घराण्याची बँक नसते हें खरें. परंतु त्या शेतकऱ्याजवळ होती तेवढी युक्ति कोणालाहि साधण्यासारखी आहे.

हीच युक्ति आज गटाच्या कामांत वापरतात. चार-पांच मुलें, एक मार्गदर्शक आणि खरोखरीचें काम. समजा, आठवड्याच्या बाजाराला जावयाचें आहे. एकाजवळ यादी, दुसऱ्याजवळ पिशवी, तिसऱ्याजवळ पैसे, चवथा परत आलेली रक्कम मोजणार. पुढील आठवड्यांत कामांची अदलाबदल. कामाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर अगोदर दाखविलेला असतो, कारण पुढें काय होणार हें कळलें कीं निम्मी भीति ओसरते. गोंगाट असह्य झाला तर दाखवावयाचें एक कार्ड खिशांत असतें. तें दाखविणाऱ्यास बाजूला बसूं द्यावें, रागावूं नये. अलीकडे भाजीवालाहि मोबाइलवर पैसे घेतो, तेव्हां तीहि रीत शिकवावी लागते.

चहासारखें काम शिकवितांना कित्येक शिक्षक शेवटच्या पायरीपासून आरंभ करतात. प्रथम मुलानें फक्त कपांत चहा ओतावा. तें जमलें कीं गाळणें, मग साखर-पत्ती टाकणें, आणि सर्वांच्या शेवटीं शेगडी पेटविणें. अशानें दर वेळीं काम पुरें होतें तें त्याच्याच हातून, आणि चार माणसें चहासाठीं थांबलेलीं त्याला दिसतात. एकट्यासाठीं केलेल्या चहाला ही गोडी येत नाहीं.

वऱ्हाडांत अशा सहजीवनाचें एक ठिकाण आहे. तें स्वमग्न मुलांची खास शाळा नव्हे, परंतु त्यापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. अचलपूर तालुक्यांत, परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं अंबादासपंत वैद्य यांच्या नांवाचें बालगृह उभें केलें. टाकून दिलेलीं मतिमंद, मूकबधिर, अंध मुलें येथें आलीं, आणि बाबांनीं त्यांना बाप म्हणून स्वत:चें नांव दिलें. गाडगे महाराज आधीं आपण खराटा हातीं घेत व मग गांव त्यांच्यामागें येई. बाबा त्याच परंपरेंतले. वझ्झरच्या माळावर ह्या मुलांच्या हातून हजारों झाडें लागलीं व जगलीं. ज्याला दिसतें तो न दिसणाऱ्याला सांभाळतो. झाडांना पाणी घालणें हें काम तर अशा मुलांना फारच मानवणारें: ठरलेली वेळ, ठरलेला क्रम, बोलण्याची गरज थोडी, आणि वाढलेलें झाड डोळ्यांसमोर. २०२४ सालीं बाबांना 'पद्मश्री' जाहीर झाली.

बाबांची मागणी मात्र वर्षानुवर्षें एकच राहिली आहे. बालगृहाचा कायदा अठरा वर्षांपर्यंतचा. त्यानंतर ज्याला स्वत:चें नांवहि सांगतां येत नाहीं त्यानें जावें कोठें? अशांना आजन्म संस्थेंतच राहूं द्यावें, असें ते म्हणतात. त्यांनीं आपलीं मुलें अठरानंतरहि आपल्यापाशींच ठेवलीं.

अठराची ही रेघ आईबाप असलेल्या घरांतहि येते. मूल सज्ञान झालें कीं त्याच्यावरील आईबापांचें कायदेशीर पालकत्व आपोआप संपतें, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें स्वमग्न, मतिमंद इत्यादि व्यक्तींसाठीं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं जिल्हा पातळीवर समिति ठेवली आहे. गरज असेल तेथें ती पालक नेमून देते. अर्ज करावयाचा कीं नाहीं, हें मुलाला काय काय स्वत: करतां येतें तें पाहून ठरवावें, आणि तें पाहावयाचें तर बाजाराची पिशवी त्याच्या हातीं तेराव्या-चौदाव्या वर्षींच दिलेली असली पाहिजे. कचेरींत जाण्याचा प्रसंग आलाच, तर आदल्या आठवड्यांत त्याला एकदां ती इमारत, तो जिना आणि तेथील बांक दाखवून आणावा.