बिनपाण्याची होडी

गेल्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरली. नशीब, हाड मोडलं नाही. पण मी पोहोचेपर्यंत पाऊण तास ती ओल्या फरशीवर बसून होती. 'कुठं दुखतंय?' विचारलं, तर म्हणाली, 'दुखत काही नाही गं, उठताच येईना.' डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, 'हाडं ठीक आहेत. मांड्यांत ताकद उरलेली नाही.' आई ७४ची, मी ४८ची. त्याच आठवड्यात भाचीच्या मंगळागौरीला जेवून पाटावरून उठताना मी दोन्ही हात जमिनीला टेकले आणि पोटात गोळाच आला. हीच वाट आपलीही की काय!

तिशी ओलांडली की स्नायू हळूहळू झिजू लागतात, आणि पाळी जाण्याच्या सुमाराला ही झीज जास्तच जाणवते. हे मला वाचून ठाऊक होतं. पण वाचलेलं आणि पाटावरचं, यात फरक असतोच ना!

दसऱ्याला मी आमच्या मनमाडातल्या एका जिमच्या बायकांच्या वेळेत नाव घातलं. ट्रेडमिलला रांग. कोपऱ्यात मात्र एक लांबुळकं यंत्र होतं, त्यावर सगळ्याजणी टॉवेल वाळत घालायच्या. मागे-पुढे घसरणारं आसन, पाय बांधायला पट्टे, साखळीला लावलेली मूठ आणि पुढे जाळीत पंखा. 'हे काय?' 'रोइंग मशीन. होडी वल्हवायची.' मला हसूच आलं. ज्या गावानं वर्षानुवर्षं ड्रम भरभरून पाणी साठवलं, तिथं होडी!

पण हसू नका. आमच्या शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. सैन्यात गेल्यावर त्याच्या हाती वल्हं आलं. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्यानं होडी वल्हवण्याच्या शर्यतीत तो तेरावा आला आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा दुष्काळी भागाचा आणि वल्ह्याचा काही संबंध नाही, असं निदान आम्ही तरी म्हणू नये.

टॉवेल बाजूला करून मी बसले. शिकवायला कुणी आलं नाही. विहिरीतून पोहरा शेंदावा तशी हातानं मूठ ओढत राहिले आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरली. आठवडाभर हळद-दूध आणि घरच्यांची बोलणी! मग तिथे नवीन आलेल्या ट्रेनर मुलीनं शेजारी बसून दाखवलं. 'काकू, हात सगळ्यात शेवटी. आधी पायांनी फळी ढकला. पाय सरळ होत आले की कंबरेतून थोडं मागे, आणि मग मूठ बरगडीशी. परत येताना उलटं. हात, कंबर, पाय. पाठीला पोक नको.'

तेव्हा कळलं, ही होडी खरं तर पायांनी चालते. निम्म्याहून जास्त जोर मांड्यांचा आणि नितंबांचा, उरलेला पाठीचा, आणि हातांच्या वाट्याला अगदी थोडा. म्हणजे जिथं आईची ताकद गेली होती, नेमकं तिथंच काम. पंख्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांची एक खटकी असते. मी शहाणी, पहिल्याच दिवशी १०वर ठेवली होती. ती फक्त पंख्यात हवा किती शिरू द्यायची ते ठरवते. आपण जितकं जोरात ओढू तितकी हवा अडवते. नवख्या बाईला ३ ते ५ भरपूर.

चार महिने मी नेमानं वल्हवलं. सुरुवातीला २ किलोमीटरला १४ मिनिटं लागायची, ती सव्वाअकरावर आली. जिन्यावर धाप लागेनाशी झाली. पाटावरून एक हात टेकून उठता येऊ लागलं. ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा शिवणाऱ्या ताई म्हणाल्या, 'वहिनी, पाठीत अर्धा इंच वाढवावं लागेल. दंड मात्र तेवढाच आहे हं.' टेपनं दिलेला हा निकाल मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा खरा वाटला.

आणि मग गाडी अडली. वेळ कमी होईना, दुसरा हात सुटेना. गॅसचं भरलेलं सिलिंडर, साधारण ३० किलोचं, दारातून आत घेताना अजूनही ढकलतच न्यावं लागे. मी कुरकुरले, तर ट्रेनर मुलगी म्हणाली, 'काकू, मिनिटाला किती वेळा ओढता?' 'वीस.' 'आणि वीस मिनिटं. म्हणजे चारशे वेळा. जे चारशे वेळा ओढता येतं ते जड कसं असेल?'

गंमत बघा, एवढ्या एका वाक्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. स्नायू वाढतो तो आधीपेक्षा जास्त ओझं पडलं की. अनेक वर्षं अंग न हलवलेल्या बाईला वल्हवणं हेसुद्धा जास्तच ओझं, म्हणून पहिले काही महिने खरोखर ताकद येते, मांड्या-पाठ भरते. शरीराला सवय झाली की मग फायदा दमाला आणि हृदयाला होत राहतो, स्नायूंना कमी. म्हणून शर्यतीत उतरणारे वल्हेकरीसुद्धा वजनं उचलतातच. शिवाय या यंत्रावर सगळी ओढाओढ. ढकलणं असतं ते फक्त पायांचं, हात-छातीला ढकलायचं काम नाहीच.

आता माझं वेळापत्रक असं. मंगळवार-शनिवार होडी, त्यातही एक दिवस दहा-दहा दणकून ओढी आणि मध्ये विश्रांती. सोमवार-गुरुवार वजनं. डंबेल छातीशी धरून उठाबशा आठ-दहा, शेवटच्या दोन कष्टानं जमतील इतकं वजन. आणि घरी स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून जोर. 'पुरुषासारखी दिसशील' असं आत्याबाई म्हणाल्या. अहो, त्याला लागणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक आपल्यात फार कमी असतं. वर्षभर घाम गाळून माझा पाठीत अर्धाच इंच वाढला!

खाण्याचंही सांगते, कारण तिथंच आपण चुकतो. कसदार प्रथिनं पोटात गेल्याशिवाय स्नायू कशाचा बांधायचा? एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच, आणि मी मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपवास खिचडीवर काढत होते. आता उपवासाला दही, दूध, पनीर; एरवी उसळ, अंडी आणि फुटाणे. देव रागावलेला दिसत नाही.

कंबरेचा जुना त्रास, हाडं ठिसूळ किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर मात्र या यंत्रावर बसण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि ओढायचं कसं हे दाखवणारं कुणी नसेल, तर तिथं टॉवेलच वाळू द्या.

परवा सिलिंडरवाला दारातच टाकी ठेवून गेला. मी गुडघ्यात वाकले, टाकी अंगाशी धरली, पायांवर जोर दिला आणि दोन पायऱ्या चढवून आत आणली. आई खुर्चीत बसून बघत होती. तिच्यासाठी होडी नाही, खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. मी आठ मोजले. ती म्हणते नऊ झाले, तू टाकीकडे बघत होतीस.