यकृताचा विकार आणि बुद्धिभ्रम

यकृताच्या जुनाट विकारानें पीडलेला गृहस्थ दिवसा पेंगूं लागतो व रात्रीं टक्क जागा राहतो. हस्ताक्षर बिघडतें, साधी बेरीज चुकते, शांत माणूस क्षुल्लक कारणावरून चिडतो. घरांतील मंडळी यास म्हातारचळ म्हणतात. वस्तुतः दोष स्वभावाचा नसून रक्ताचा असतो.

अन्नांतील नत्रयुक्त द्रव्यांवर आंतड्यांतील जंतूंची क्रिया होऊन अमोनिया उत्पन्न होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया बनवितें व तो लघवीवाटे निघून जातो. ही क्रिया कशी घडते हें क्रेब्स व हेन्सेलाइट यांनीं १९३२ सालीं दाखविलें. सिरोसिसनें यकृत कठीण झालें म्हणजे हें काम अपुरें पडतें. शिवाय आंतड्यांकडील कांहीं रक्त यकृताला वळसा घालून परस्पर पुढें जातें. मग अमोनिया मेंदूपर्यंत पोंचतो. पाव्लोव्ह व त्याचे सहकारी यांनीं १८९३ सालीं कुत्र्यांमध्यें शस्त्रक्रियेनें असेंच रक्त वळविलें असतां, मांस खाल्ल्यावर तीं कुत्रीं भ्रमिष्ट झालीं.

यावरून रोग्याचें डाळदूध तोडण्याची रूढि पडली. ती आतां त्याज्य ठरली आहे. स्नायुही अमोनिया शोषून घेतात; उपासानें ते झिजले कीं तो आधारही जातो. म्हणून वजनाच्या दर किलोस रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें मिळावींत, आहार थोडा थोडा विभागून द्यावा, आणि निजण्यापूर्वीं कांहीं खाण्यास द्यावें.

मुख्य औषध लॅक्ट्युलोजचा पाक. त्यानें आंतडें आम्ल होतें व अमोनिया मळाबरोबर बाहेर पडतो. दिवसांतून दोन-तीन वेळां मऊ शौचास व्हावें, इतकेंच प्रमाण ठेवावें. अति जुलाबानें शरीर शुष्क होऊन भ्रम वाढतो. भ्रम पुनःपुन्हां झाल्यास वैद्य रिफॅक्सिमिन जोडून देतात. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग व पोटांतील रक्तस्राव हीं भ्रमाचीं नेहमींचीं निमित्तें होत. रात्रीं झोप नाहीं म्हणून घरच्यांनीं झोपेची गोळी देणें तर फारच घातक.

आपली बुद्धि ढळत आहे हें रोग्यास स्वतःस बहुधा कळत नाहीं. रक्तांतील अमोनियाचा आंकडाही भ्रमाच्या तीव्रतेशीं नेहमीं जुळत नाहीं. तेव्हां पहारा घरच्यांनींच ठेवावयाचा. रोज वहींत नांव व तारीख लिहवून घ्यावी. हात पुढें करून पंजे मागें वळविण्यास सांगावें. ते फडफडले तर वैद्यास कळवावें. मोटार चालवूं देऊं नये. काळें शौच, ताप अथवा हांकेस ओ न देणारी गुंगी दिसतांच रुग्णालय गांठावें. वेळीं उपाय झाल्यास पुष्कळदां भ्रम ओसरतो, आणि परका वाटूं लागलेला माणूस पुन्हां आपल्या माणसांस ओळखूं लागतो.