सिग्नल तर हिरवा होता!

(अंतिम वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)

"दादा, सिग्नल तर हिरवा होता ना?"

पाचूबंदरला आमच्या शेजारच्या मावशींचा नातू, वय वर्षं सात, हा प्रश्न विचारत होता आणि आम्ही चार भावी इंजिनियर जमिनीवर पडलेले डबे गोळा करत होतो. गेल्या वर्षीच्या नाताळची ही गोष्ट. मावशींच्या अंगणात दर वर्षी येशूजन्माचा गोठा सजतो. त्या वर्षी गोठ्याभोवती आमची छोटी आगगाडी फिरत होती. तीन दिवस ती छान फिरली. चौथ्या संध्याकाळी मागची गाडी पुढच्या उभ्या गाडीवर आदळली आणि इंजिन टेबलावरून थेट फरशीवर! ते इंजिन एका सीनियरकडून उसनं आणलेलं. भरपाईपायी आम्हा चौघांचं कँटीन दोन महिने बंद झालं, ते वेगळंच.

पण पोराचा प्रश्न बरोबर होता. सिग्नल खरंच हिरवा होता. म्हणजे गाडीने नियम मोडला नव्हता, आमची यंत्रणा खोटं बोलली होती. ती खोटं का बोलली, हे शोधताना जे कळलं ते चार वर्षांच्या लेक्चर्समध्ये एवढं पक्कं डोक्यात बसलं नव्हतं. म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात कोथरूडला

हे वेड लागलं पुण्यात. कोथरूडला जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. दिवे मंद होतात, छोट्याशा शहरात उजेड लागतो आणि एकामागून एक गाड्या सुटतात. बाकीचे प्रेक्षक गाड्या पाहत होते. आम्हाला मात्र एकच चुटपुट: टेबलाखाली काय असेल?

अशी चुटपुट लागणारे आम्हीच पहिले नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. तिथे काही जण वरचे डोंगर आणि घरं रंगवायचे, तर काही जण खाली शिरून टेलिफोन एक्सचेंजच्या रिलेंचं जाळं विणायचे. आज आपण सर्रास वापरतो तो 'हॅकर' हा शब्द या खाली शिरणाऱ्या मंडळींत रुळला आणि पुढे जगभर गेला. थोडक्यात काय, मॉडेल रेल्वेचा खरा खेळ टेबलाखालीच असतो!

आधी मोजमाप

आम्ही निवडलं एच.ओ. हे प्रमाण, म्हणजे १:८७. युरोपातला १४३५ मि.मी.चा रूळ या प्रमाणात १६.५ मि.मी. होतो आणि बाजारात तोच मिळतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी., म्हणजे खरं तर १९.३ मि.मी. हवा. तेव्हा एच.ओ.मधली भारतीय गाडी थोड्या अरुंद रुळावरच धावते. चालायचंच!

दुसरा धक्का लांबीचा. आपली बारा डब्यांची विरार लोकल या प्रमाणात जवळपास तीन मीटर होते. प्लायवुडचा अख्खा आठ फुटी तक्ता २.४४ मीटरचा. म्हणजे गाडी तक्त्यापेक्षा लांब. आम्ही निमूटपणे चार डब्यांवर समाधान मानलं आणि दोन तक्ते जोडून लांबट वर्तुळ बनवलं.

दोन गाड्या, एकच रूळ

जुन्या पद्धतीत रुळाला ० ते १२ व्होल्ट डी.सी. देतात. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, उलटं केलं की गाडी मागे येते. अगदी सोपं. पण त्याच रुळावर दुसरी गाडी ठेवली तर दोघी एकदमच पळतात.

यावर उपाय म्हणजे डी.सी.सी., डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेलं हे मानक १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने स्वीकारलं. यात रुळावर कायम साधारण १४-१५ व्होल्टची उलटसुलट होणारी चौकोनी लहर असते. तीच इंजिनाला वीज देते आणि तीच निरोपही नेते. लहरीचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो '१', १०० किंवा त्याहून जास्त असेल तर '०'. प्रत्येक इंजिनात एक डिकोडर असतो. तो आपला पत्ता ऐकतो आणि आपल्यापुरता हुकूम पाळतो. हॉस्टेलमध्ये सकाळी कोणाच्या नावाने हाक आली ते ऐकून त्यानेच उठायचं, बाकीच्यांनी झोपायचं, तसंच! आमच्याकडे हुकूम देण्याचं काम एक अर्डुइनो आणि मोटर ड्रायव्हर करत होते.

मग वर्तुळाचे चार ब्लॉक पाडले. ब्लॉक म्हणजे रुळाचा असा तुकडा, ज्यात एका वेळी एकच गाडी असावी. प्रत्येक ब्लॉकला वेगळी फीडर वायर. फीडरच्या वाटेत उलटसुलट डायोड लावले. इंजिनाने करंट घेतला की डायोडांवर एक-दीड व्होल्ट पडतो, त्यावर ऑप्टोकपलरमधला एलईडी पेटतो आणि अर्डुइनोला कळतं, 'ब्लॉकमध्ये गाडी आहे.' करंट नाही तर ब्लॉक रिकामा आणि सिग्नल हिरवा. सिग्नल लाल असेल तर मागच्या गाडीला थांबायचा हुकूम. ब्रेडबोर्डवर सगळं झकास चाललं. सरांनी पाठही थोपटली.

मग बिनसलं कुठे?

सर्किटमध्ये नाही, लाकडात! आमचं पाचूबंदर म्हणजे वसईच्या किल्ल्याजवळची कोळीवस्ती. खाडीचं तोंड हाकेच्या अंतरावर. हवेत मीठ असतं, रात्री दव पडतं. आम्ही साधं स्वस्त प्लाय आणलं, वरून हिरवा रंग मारला आणि खालची बाजू तशीच कोरडी सोडली. 'खालून कोण बघतंय?' बघायला कोणी आलं नाही, पण दमट हवा आली. रंगवलेली बाजू तशीच राहिली, उघडी बाजू फुगली आणि तक्त्याला बाक आला.

दोन तक्त्यांच्या सांध्यावर तिसऱ्या ब्लॉकची फीडर होती. एकच जाड तार असलेली आणि ताणून बसवलेली. सोल्डर करताना आम्ही आम्लाचा फ्लक्स वापरला होता आणि नंतर पुसला नव्हता. तो जोड आतल्या आत हिरवा होऊन कळकला. तक्ता वाकला, तार ओढली गेली, जोड सुटला.

आता पुढचं नीट बघा. पहिल्या गाडीचं इंजिन तिसऱ्या ब्लॉकमध्ये शिरलं. तिथे वीज नाही, म्हणून ते जागीच थांबलं. त्याचे चार डबे मागे, दुसऱ्या ब्लॉकमध्येच राहिले. तिसऱ्या ब्लॉकमध्ये करंट नाही, म्हणून अर्डुइनो म्हणाला, 'रिकामा.' डब्यांना मोटर नसते, ते करंट घेतच नाहीत, म्हणून दुसरा ब्लॉकही 'रिकामा.' सिग्नल हिरवा झाला आणि मागची गाडी ऐटीत दुसऱ्या ब्लॉकमध्ये शिरली...

म्हणजे आमच्या यंत्रणेत 'गाडी नाही' आणि 'वायर तुटली' हे दोन्ही निरोप अगदी एकसारखे होते. खरी चूक ही होती. तुटलेला जोड हे फक्त निमित्त.

खऱ्या रेल्वेत उलटं असतं

१८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी बंद ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. कल्पना इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही असं वाटतं. ब्लॉकच्या एका टोकाला रुळांत करंट सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला रिले ठेवायचा. करंट पोचला तर रिले उचललेला राहतो आणि तरच सिग्नल हिरवा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ शॉर्ट करतात, रिले पडतो, सिग्नल लाल. एकटा सुटलेला डबा असला तरी लाल. आता बॅटरी उतरली, वायर तुटली किंवा रूळच मोडला, तर? तरीही रिले पडतो, तरीही लाल! हिरवा दिवा तिथे फुकट मिळत नाही, 'सगळं ठीक आहे' हा पुरावा सतत द्यावा लागतो.

पावसाळ्यात रुळांवर पाणी साचतं तेव्हा करंट पाण्यातूनच गळतो, रिलेपर्यंत पोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. मग 'सिग्नल यंत्रणेत बिघाड' अशी घोषणा होते आणि आपण भिजलेल्या छत्रीसकट रेल्वेच्या नावाने बोटं मोडतो. पण यंत्रणेने त्या वेळी आपलं काम चोख केलेलं असतं. 'मला खात्री नाही, म्हणून थांबा,' असं ती सांगते. आमच्या अर्डुइनोलाही खात्री नव्हती, पण तो म्हणाला, 'जा बिनधास्त.'

दुसरा डाव

या वर्षी पुन्हा बांधणी केली. आधी बेसबोर्ड. वस्तीत होड्यांची कामं करणारे सुतारकाका तक्ता उलटा करून हसले. म्हणाले, "अरे पोरांनो, होडीला काय फक्त बाहेरून रंग लावतात?" मग आय.एस. ७१० दर्जाचं मरीन प्लाय, खाली लाकडी चौकट, फूटभर अंतरावर आडव्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना व कडांना सारखेच हात रंगाचे. कडा विसरू नका, प्लाय पाणी पितं ते कडेनेच.

मग वायरिंग. पहिल्या वेळची वायर घंटीची, ०.१ चौ.मि.मी. जाडीची. पाच मीटर जायची आणि पाच यायची धरली तर तिचा रोध सुमारे १.७ ओहम. दोन इंजिनांचा मिळून एक अँपिअर धरला तर १.७ व्होल्ट वाटेतच गडप! आता मुख्य जोडी १.५ चौ.मि.मी.ची घेतली, नुकसान ०.१ व्होल्टच्या आसपास. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र फीडर, कारण रूळ जोडणाऱ्या पट्टीवर विजेसाठी विसंबायचं नाही. फीडर अनेक तारांची, थोडी सैल सोडलेली. फ्लक्स राळेचा.

आणि शेवटी शहाणपण. तीन बदल केले. एक, प्रत्येक डब्याच्या आसावर १० किलोओहमचा रोध बसवला. आता डबाही दीडेक मिलिअँपिअर घेतो आणि दिसतो. दोन, फीडर ब्लॉकच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला रुळांवर एक ऑप्टोकपलर. तिथे वीज पोचल्याचा निरोप आला नाही तर सिग्नल लाल. रॉबिन्सनसाहेबांचीच युक्ती, दीडशे वर्षांनी. तीन, प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: गाडी एका ब्लॉकमधून गेली आणि पुढच्यात दिसली नाही तर सगळे सिग्नल लाल. गाडी काही हवेत विरघळत नाही!

एकूण जादा खर्च? चार ऑप्टोकपलर आणि मूठभर रेझिस्टर. इंजिनाच्या भरपाईपुढे काहीच नाही.

नाताळात गाडी पुन्हा मावशींच्या अंगणात फिरली. त्या पोराला टेबलाखाली बसवलं आणि सांगितलं, "ओढ तुला हवी ती फीडर." त्याने मनापासून ओढली. वर सिग्नल टपकन लाल झाला आणि दोन्ही गाड्या जागच्या जागी थांबल्या. तो खालूनच ओरडला, "दादा, बिघडली!"

बिघडली होतीच. पण या वेळी खोटं बोलली नाही.

बोर्ड आता हॉस्टेलवर आणला आहे. प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्या ज्युनियर्सनी जरूर यावं, सरांनीही यावं. टेबलाखाली शिरा, कुठलीही एक फीडर उपटा. सिग्नल हिरवा राहिला तर वडापाव आमच्याकडून!