कुंडीतली गोरखचिंच : छाटणीचे चार धडे

आमच्या गच्चीवर एका उथळ कुंडीत गोरखचिंचेचे झाड आहे. वय सात वर्षे, उंची दीड वीत. खाली फुगलेला बुंधा पाहून नवे पाहुणे हमखास विचारतात, "हा मुळा कुंडीबाहेर कसा आला?" मग आम्हाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते.

सात वर्षांपूर्वी अब्बा विजापूरला गेले होते. येताना त्यांनी दुधीच्या आकाराचे, मखमली सालीचे एक फळ आणले. आत पांढरा, पिठासारखा आंबट गर होता. अम्मीने त्याचे सरबत केले आणि बिया आमच्या हातावर ठेवल्या. "खुरासानी इमली आहे, जपून लावा," एवढेच अब्बा म्हणाले.

नाव खुरासानी असले तरी हे झाड मूळचे आफ्रिकेचे. तिथे त्याला बाओबाब म्हणतात. फ्रेंच अभ्यासक मिशेल आदाँसाँ याने अठराव्या शतकात सेनेगलमध्ये या झाडाचे निरीक्षण केले. त्याच्यावरूनच शास्त्रीय नाव पडले, अदानसोनिया डिजिटाटा. आपल्याकडचे हे वृक्ष आफ्रिकेतूनच आणि वेगवेगळ्या काळात आले, असे जनुकांच्या अभ्यासातून दिसले आहे. व्यापारी, खलाशी, सैनिक आणि गुलाम म्हणून आलेली माणसे ज्या वाटांनी आली, त्याच समुद्रवाटांनी ही बीही आली असावी. दख्खनच्या इतिहासात हबशी माणसांचे स्थान मोठे आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू 1626) हा इथिओपियात जन्मलेला. गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यात, विजापुरात, मांडूला आणि आपल्या वसईच्या परिसरात आजही जुन्या गोरखचिंचा उभ्या आहेत. गोवळकोंड्याच्या झाडाच्या पोकळ खोडात माणसे सहज आत जाऊन बसतात.

एवढ्या प्रचंड वृक्षाला कुंडीत कसे ठेवायचे? खोडाचे लाकूड मऊ, स्पंजासारखे असते आणि त्यात पाणी साठते. त्यामुळे लहान वयातच त्याचा बुंधा म्हाताऱ्या झाडासारखा दिसू लागतो. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेतील बोन्साय करणाऱ्यांनी 'बाओबाब शैली' अशी वेगळी शैलीच मानली आहे.

बीचे कवच फार टणक. आम्ही ते पॉलिश पेपरवर घासून बिया रात्रभर गरम पाण्यात ठेवल्या. पाच रोपे आली. सुरुवातीला पाने साधी, एकेकटी होती. पुढे एका देठावर पाच-पाच पाती येऊ लागली, तेव्हा आमची धाकटी ओरडली, "अम्मी, झाडाला हात फुटले!" डिजिटाटा म्हणजे बोटांसारखे. तिने न शिकताच अर्थ सांगितला.

आमची चूक

पहिल्याच हिवाळ्यात पाने गळाली. झाड सुकले असे समजून आम्ही रोज पाणी घातले. कुठे तरी वाचले होते म्हणून भर डिसेंबरात शेंडेही छाटले. महिनाभरात दोन रोपांचे बुंधे दाबले तर आत जाऊ लागले. उपटून पाहिले तर मुळे कुजून वास येत होता. दादी शांतपणे म्हणाल्या, "भुकेल्याला वाढावं बेटा, झोपलेल्याला नाही." तेव्हा कुठे आम्ही झाडाचे वेळापत्रक शिकायला बसलो.

छाटणी कशी करावी

पहिला धडा वेळेचा. हिवाळ्यात पाने गळाली की झाडाला झोपू द्यावे, पाणी जवळजवळ बंद करावे आणि कात्री लावू नये. उन्हाळ्याच्या अखेरीस डोळे फुगू लागले की मोठी छाटणी करावी. पुढे वाढीचा हंगाम असल्यामुळे जखम लवकर भरते. सप्टेंबरनंतर हात आवरावा.

दुसरा धडा मुळाचा. रोपाचे सोटमूळ गाजरासारखे फुगते. उथळ कुंडीत बसवण्यासाठी ते आखूड कापावे, बाजूची मुळे राखून पसरावीत. पण कापल्याबरोबर लावू नये. चार-पाच दिवस सावलीत ठेवून जखम कोरडी होऊ द्यावी. मग जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडे शेणखत अशा पाणी न धरणाऱ्या मिश्रणात लावावे आणि आठवडाभर पाणी देऊ नये. मुळांची आणि शेंड्याची मोठी छाटणी आम्ही एकाच वर्षी करत नाही.

तिसरा धडा शेंड्याचा. मुख्य शेंडा कापल्याशिवाय खाली फांद्या फुटत नाहीत. सिकेटर स्पिरिटने पुसून घ्यावे आणि डोळ्याच्या वर बोटभर खुंट राखून कापावे. मऊ लाकूड कापल्या जागेपासून खाली वाळत जाते. अगदी डोळ्यालगत कापले तर डोळाही जातो. वाळलेला खुंट नंतर साफ करता येतो. जखमेवर पाणी साचू देऊ नये. पाऊस लागला तर कुंडी आडोशाला घ्यावी.

चौथा धडा फांद्यांचा. नव्या फुटीला सहा-आठ पाने आली की दोन-तीन ठेवून बाकीची फूट खुडावी. जी फांदी जाड व्हायला हवी ती मात्र वाढू द्यावी, कारण बुंधा आणि फांदी पोसतात ती पानेच. सारखी कात्री चालवली तर झाड काडीसारखे राहते. तारेचे वळ या सालीवर लवकर उठतात. फांदी वाकवायची तर कापडाची घडी ठेवून सुतळीने बांधावी.

मुलाचा प्रश्न

तिसऱ्या वर्षी छाटणी करताना मुलाने विचारले, "अब्बू, एवढं मोठं होणारं झाड आपण लहान ठेवतो, हा जुलूम नाही का?" आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. वेळेवर ऊन, पाणी आणि खत मिळाले तर कुंडीतले झाड निरोगी राहते, हे खरे. पण जमिनीतले झाड तहान लागली तर मूळ खोल पाठवते. कुंडीतल्याला ती सोय नाही. त्याचे जगणे आपल्या हाती आहे, ती अमानत आहे. सुट्टीत घराला कुलूप लावताना त्याचाही विचार करावा लागतो.

अब्बा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "एक कुंडीत ठेवा, एक मोकळं करा." उरलेल्या तीन रोपांपैकी एक शेजाऱ्यांना दिले होते. दुसरे त्या पावसाळ्यात गावच्या पडीक जमिनीत, घरे आणि विजेच्या तारांपासून दूर लावले. खड्ड्यात माती अब्बांनी स्वतः लोटली. "याची सावली मला मिळायची नाही, तुम्ही बसा," असे हसत म्हणाले. दोन वर्षांपूर्वी ते अल्लाहला प्यारे झाले.

यंदा ईदनंतर गावी गेलो. ते झाड आता आमच्या डोक्याच्या वर गेले आहे. बुंधा दोन्ही हातांच्या पंजात मावत नाही. गच्चीवरचे त्याचे भावंड, त्याच फळातले, अजून दीड वीतच आहे. मुलाने दोन्हींची पाने शेजारी ठेवून पाहिली. आकार लहान-मोठा, पण बोटे पाचच.

वाचकहो, कुठे गोरखचिंचेचे फळ मिळाले तर बिया फेकू नका. पाच तरी पेरा. एक कुंडीसाठी ठेवा आणि जागा असेल तर एक जमिनीला द्या.