पेज ओतून देऊ नका

विहारातल्या महिलांच्या बैठकीत आरोग्याचा विषय काढला की बोलणे फिरून स्वयंपाकावर येते. सासवांची तक्रार ठरलेली : "सुनेला मोबाईल समोर ठेवल्याशिवाय आमटीसुद्धा येत नाही." सुनांचे उत्तरही तयार असते : "आईंना विचारलं तर म्हणतात, अंदाजाने टाक. अंदाज म्हणजे किती?" दोघींचेही खरे आहे. आम्ही रत्नागिरीतल्या वस्त्यांतून रक्तदाब मोजत, बायकांना रक्त तपासायला पाठवत फिरतो. आम्हाला दिसते ते असे, की जुने अर्धे सुटले आणि नवे अर्धेच शिकून झाले.

भाताचेच बघा. आजी टोपात भरपूर पाण्यात भात शिजवायची आणि वेळायची. पण पेज ती ओतून देत नव्हती. मीठ टाकून सगळ्यांना वाटीवाटी द्यायची, बाळंतिणीला आधी. तांदळातले ब जीवनसत्त्व पाण्यात उतरते, हे तिला कोणी सांगितले नव्हते, पण ते पोटातच जात होते. त्यातही उकडा तांदूळ असला तर आणखी चांगले. भात सालीसकट उकडला की हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि गिरणीत कोंडा निघाला तरी बरेचसे टिकते. आता बऱ्याच घरांत पांढरा तांदूळ चार-पाच पाण्यांनी धुतात, टोपात शिजवतात आणि पेज मोरीत जाते. कारण काय, तर पेज पिणे म्हणजे गरिबी! कुकरात मोजून पाणी घालून भात लावला तर वेळायचा प्रश्नच राहत नाही. म्हणजे आजीची रीत बरोबर, कुकरची रीतही बरोबर. चुकते ते मधले.

रेशनच्या तांदळाबद्दलही बोलले पाहिजे. गेल्या काही वर्षांत या तांदळात शंभर दाण्यांमागे एक वेगळा दाणा मिसळलेला आला. रंगाने जरा निराळा, कधी पाण्यावर तरंगणारा. वस्तीत बोभाटा झाला, प्लास्टिकचा तांदूळ आला! बायका तासभर बसून ते दाणे निवडून फेकत. तो दाणा तांदळाच्या पिठाचाच असतो. त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून त्याला तांदळाचा आकार देतात. तुमच्या तांदळात असे दाणे दिसले तर निवडू नका, तांदूळ चोळून धुऊ नका आणि पाणी मोजूनच घाला. घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

हे एवढ्यासाठी सांगतो, की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, म्हणजे रक्त कमी. जिना चढताना धाप, सारखा थकवा, चक्कर. याला आपण "बाईमाणसाचं चालायचंच" म्हणतो. ते चालायचे नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी होते आणि गोळ्याही मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका. जेवण आणि चहा यांतही तासाभराचे अंतर ठेवा, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळले तर उलट लोह जास्त अंगी लागते. पावसात टाकळा उगवतो तेव्हा तो लोखंडी कढईत करा. कढईचे थोडे लोह भाजीत उतरते. भाजी काळपट दिसते म्हणून कढई माळ्यावर टाकून नॉनस्टिक घेणाऱ्या घरांनी ती खाली काढावी.

मोबाईलवर टाकळा फारसा दिसत नाही. तिथे पनीर, मैदा, चीज, बटर. स्वयंपाकाच्या पुस्तकांतही आपली चूल फारशी नव्हती. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने हजारो मुली त्यावरून स्वयंपाक शिकल्या. उपयोगी पुस्तक, पण सुकटीचा वास असलेल्या आपल्या घरांची नोंद व्हायला फार वेळ लागला. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या आपल्या लोकांच्या खाण्यावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले ते २०१५ मध्ये. महाडच्या परिषदेत १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडायला सांगितले. आपल्या आज्यापणज्यांनी ते सोडले. नाचणी आणि कुळीथ सोडायला कोणीच सांगितले नव्हते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. आता तीच नाचणी मॉलमध्ये चकचकीत पाकिटात महाग मिळते, ते निराळेच.

चुलीची मात्र आम्हाला आठवण येत नाही. तिच्या धुराने आपल्या बायांचे डोळे आणि फुप्फुसे गेली. गरोदर बाई धुरात बसली तर बाळ कमी वजनाचे होऊ शकते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरात आला, पण तो भरून आणायला पैसे नसले की पडवीतली चूल पुन्हा पेटते. म्हणून गॅस पुरवायला शिकणे हाही स्वयंपाकच. उघड्या टोपात पाणी १०० अंशाला उकळते, कुकरात ते १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. सात-आठ शिट्ट्या मोजत मोठ्या आचेवर ठेवला तर डाळ काही लवकर शिजत नाही, गॅस तेवढा जळतो. डाळ, कुळीथ आधी भिजत घाला. कोणी इंडक्शनची शेगडी घेणार असेल तर तळाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर ते भांडे चालेल. अ‍ॅल्युमिनियमचा टोप चालत नाही; आजीचा सपाट लोखंडी तवा चालतो.

आणि हे फक्त मुलींना शिकवू नका. मुंबईला गिरणीत गेलेले आपले आजोबा गाळ्यात दहा-पंधराजण राहायचे. कोणी खानावळीत जेवायचे, कोणी पाळी लावून भात टाकायचे. आजचा मुलगा पुण्यात खोली घेऊन रोज वडापाव खातो, कारण त्याला पिठी येत नाही.

मोबाईल घरात आहेच, तर तो आजीकडे वळवा. ती कुळथाची पिठी करत असताना चित्रण करा. तिने मूठ भरली की ती आधी वाटीत रिकामी करायला लावा, चिमूट चमच्यात. मग "अंदाज" किती ते कळेल. एवढ्याने मीठही मोजले जाईल, आणि ते मोजणे फार गरजेचे आहे. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट छोट्या चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुके बोंबील, सुकट, सुका बांगडा, पापड, लोणचे यांतले मीठ त्यातच धरायचे. सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या, फक्त तेवढे पाणी मोरीत गेलेले चालेल. पाच माणसांच्या घरात एक किलोचा पुडा किमान ४० दिवस पुरला पाहिजे. नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला.