बाळाचा एक्स-रे वाचणार कोण?

आजचा विषय साधा वाटेल, पण तसा नाहीये. समजा, तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे मशीन आहे, टेक्निशियन आहे. मग लहान मुलाचं निदान अडतं कुठे? अडतं ते एक्स-रे वाचण्यात.

मूल म्हणजे काही लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. तान्ह्या बाळाच्या छातीत, हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, पुढे आक्रसत जाते. ज्याला सवय नाही त्याला एक्स-रेमध्ये ती गाठ वाटू शकते. हाडांचंही तसंच. मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा पट्टा असतो. फिल्मवर तिथे काळी फट दिसते आणि धडधाकट हाड मोडलंय असं वाटू शकतं.

आता टीबी बघा. जगात दरवर्षी १० लाखांहून जास्त मुलांना टीबी होतो. लहानग्यांना खाकरून बेडका काढता येत नाही, आला तरी त्यात जंतू कमी असतात. म्हणून एक्स-रेवर भिस्त जास्त. पण फुफ्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या गाठी फार पुसट दिसतात.

तुम्ही म्हणाल, ‘मग एआय वाचेल की!’ थांबा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये टीबीसाठी कॉम्प्युटरने एक्स-रे वाचायची शिफारस केली खरी, पण १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी. लहान मुलं त्यात नाहीत. म्हणजे माणूसच हवा, आणि मुलांचे रेडिओलॉजिस्ट बहुतेक मोठ्या शहरांत.

इथे टेलिरेडिओलॉजी कामाला येते. एक्स-रे इंटरनेटवरून जातो, तज्ज्ञ कुठेही बसून वाचतो. वर्ल्ड फेडरेशन ऑफ पीडिअॅट्रिक इमेजिंग या संस्थेचे स्वयंसेवक डॉक्टर ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’च्या दवाखान्यांतले मुलांचे एक्स-रे असेच वाचत आलेत. माझ्या मते खरा फायदा रिपोर्टच्या पुढचा आहे. ‘बाळ वाकडं झालंय, सरळ धरून काढा’, ‘बाजूनेही एक काढा’ असं तज्ज्ञ सांगत गेला, की तिथला टेक्निशियन आणि डॉक्टर तयार होत जातात.

पण पाठवायचं काय? ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर काढलेला फोटो नको. डिजिटल एक्स-रेच्या मूळ डायकॉम फाइलमध्ये साधारण ४०९६ करड्या छटा असतात, साध्या फोटोत २५६. त्या पुसट गाठी नेमक्या इथेच हरवतात.

तेव्हा घरातल्या कुणा लेकराचा एक्स-रे काढलात, तर मूळ फाइल मागून घ्या. सोबत वय, वजन, तक्रार आणि जुने एक्स-रे द्या. दूरच्या डॉक्टरला बाळाला हात लावता येत नाही, त्याला एवढाच आधार असतो.

भेटू पुढच्या भागात!