विश्वासाची ठेव

व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाला 'पत' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुकानातील माल, गोदाम आणि बँकेतील शिल्लक यांचा हिशेब वहीत मांडता येतो. पत मात्र लोकांच्या मनात असते. ती मिळवायला दोन पिढ्या लागतात आणि एखादी अफवा तिला दोन दिवसांत धक्का देते. कर्जप्रकरणांच्या निमित्ताने बँकेच्या नोकरीत हे मी पुष्कळदा पाहिले.

आजारांच्या बाबतीतही समाज असाच वागतो. घरातील कोणाला मधुमेह किंवा हृदयविकार झाला की नातेवाईक विचारपूस करतात, चांगल्या डॉक्टरांची नावे सुचवतात. पण एचआयव्हीचे नाव निघाले की त्याच माणसाची पत एका क्षणात बुडीत खाती जमा होते. मग आजार लपवला जातो, चाचणी टाळली जाते, औषध घ्यायला माणूस उशिरा पोहोचतो. दरम्यानच्या काळात विषाणू आपले काम करीत राहतो. म्हणजे कलंक हा या आजाराचा केवळ परिणाम नाही, तो त्याच्या प्रसाराचे एक कारणही आहे. हा कलंक पुसण्याचे काम गेल्या काही दशकांत सर्वांत परिणामकारकपणे कोणी केले असेल, तर ते तरुणांनी. त्याविषयी आपल्या कुटुंबांत मोकळेपणाने बोलले जावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आजची स्थिती

भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जीवन जगत आहेत आणि राज्यनिहाय पाहता त्यांची सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. समाधानाची बाब अशी, की २०१० च्या तुलनेत देशातील नव्या संसर्गांत ४० टक्क्यांहून अधिक घट झाली आहे. विषाणूला आवर घालणारी एआरटी ही औषधयोजना एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळू लागली. २०१७ पासून तर निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.

हा विषाणू असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि बाधित मातेकडून बाळाला अशा मार्गांनी पसरतो. एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने, एकच स्वच्छतागृह वापरल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही. उपचार नसतील तर मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. नियमित औषधे घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही तो जोडीदाराकडे जात नाही. विज्ञान इतके पुढे आले आहे. मागे राहिली आहे ती आपली समजूत.

गोव्यातील चौसष्ट दिवस

या समजुतीची किंमत काय असते, हे गोव्यातील एका तरुणाच्या बाबतीत साऱ्या देशाने पाहिले. पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा हे तिशीच्या उंबरठ्यावरचे तरुण नेमाने रक्तदान करीत. दिलेल्या रक्ताच्या तपासणीतून त्यांना एचआयव्हीची बाधा असल्याचे आढळले. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्यांना घेऊन गेले. त्या वेळच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती. त्यानुसार एका जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत त्यांना ६४ दिवस एकाकी ठेवण्यात आले. त्यांनी कोणाचेही वाईट केले नव्हते. त्यांच्याकडून घडले होते ते रक्तदान.

त्यांच्या मातोश्री लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने डॉमिनिक घरी परतले. कायद्यातील ती तरतूद न्यायालयाने रद्द ठरवली नाही. परंतु या प्रकरणाने देशभर चर्चा घडली आणि विलगीकरणाची सक्ती पुढे सैल झाली.

सुटकेनंतर तोंड लपवून जगणे त्यांना शक्य होते. त्यांनी उलट मार्ग धरला. आपले नाव आणि चेहरा न लपवता ते लोकांसमोर बोलू लागले. १९९२ मध्ये त्यांनी प्राध्यापिका इझाबेल द सांता रिता वाझ यांच्यासह 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात डॉमिनिक यांचे निधन झाले. पण संस्थेचे काम पुढे चालू राहिले. दिग्दर्शक ओनीर यांचा २००५ चा 'माय ब्रदर निखिल' हा चित्रपट त्यांच्याच जीवनावरून प्रेरित आहे.

यात विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की त्या ६४ दिवसांनी एकही संसर्ग टळला असेल असे म्हणता येणार नाही. पण ती बातमी ऐकून किती जणांनी चाचणीचा विचार सोडून दिला असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. जिथे खरे सांगणाऱ्याला कुलपाआड जावे लागते, तिथे खरे कोण सांगणार?

समवयस्कांचा शब्द

डॉमिनिक यांना एकट्याने सुरुवात करावी लागली. आज महाविद्यालयांतून 'रेड रिबन क्लब' नावाची मंडळे चालतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि राज्य संस्थांच्या पाठबळाने, पुष्कळ ठिकाणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या जोडीने, विद्यार्थीच ती चालवतात. पथनाट्ये, प्रश्नमंजूषा, भित्तिपत्रके आणि स्वेच्छा रक्तदानाचा प्रचार हे त्यांचे नेहमीचे कार्यक्रम. काही विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन 'समवयस्क शिक्षक' म्हणून तयार केले जाते.

वडीलधाऱ्यांनी हे का करू नये, असा प्रश्न कोणी विचारील. जरूर करावे, पण एक अडचण आहे. अठरा-वीस वर्षांचा मुलगा आपल्या काकांना किंवा मुलगी आपल्या प्राध्यापकांना लैंगिक आरोग्याविषयी प्रश्न विचारायला धजत नाही. विचारलाच, तर उत्तराऐवजी उपदेश मिळेल अशी त्यांना भीती असते. तोच प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकता आला आणि बरोबरीच्याच कोणी त्याला सरळ, शास्त्रशुद्ध उत्तर दिले, की संकोच गळून पडतो. घरात जिथे मौन असते, तिथे मोबाईलवरील अर्धवट माहिती शिरते. त्यापेक्षा प्रशिक्षित मित्राचा शब्द केव्हाही बरा.

समवयस्कांच्या आधाराचा परिणाम मोजूनही पाहिला गेला आहे, आणि तो आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशात. तिथे एचआयव्हीची साथ आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र होती आणि जन्मतः बाधित झालेली अनेक मुले वयात येत होती. २००४ मध्ये हरारे शहरात अशा मुलांचा एक आधारगट सुरू झाला. त्यातून 'झ्वांदिरी' हा कार्यक्रम उभा राहिला. शोना भाषेतील या शब्दाचा अर्थ 'मी जसा आहे तसा'. स्वतः एचआयव्हीसह जगणारे १८ ते २४ वयाचे तरुण यात कार्यकर्ते असतात. ते आपल्यापेक्षा लहान मुलांच्या घरी जातात, औषधांची आठवण देतात, दवाखान्यात सोबत करतात आणि घरच्या माणसांशी बोलतात.

तेथील १६ दवाखान्यांत याची रीतसर तुलना करण्यात आली. निम्म्या ठिकाणी नेहमीचे उपचार होते आणि निम्म्या ठिकाणी त्याला या तरुणांची जोड होती. सुमारे दोन वर्षांनंतर उपचार निष्फळ ठरण्याचे किंवा मृत्यू ओढवण्याचे प्रमाण जोड असलेल्या ठिकाणी सुमारे ४२ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. औषधे दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो 'मीही यातून गेलो आहे' असे सांगणाऱ्या सोबत्यामुळे.

कायदा आता बाधितांच्या बाजूने

१९८९ मध्ये कायदा डॉमिनिक यांच्या विरोधात होता. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या प्रकरणात निर्णय दिला, की काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीच्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही. त्या कामगाराचे नावही न्यायालयाने गुप्त राहू दिले. पुढे संसदेने २०१७ मध्ये एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमत केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला.

आपल्यासारख्या मालक म्हणून वावरणाऱ्या कुटुंबांनी त्यातील काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. नोकरी देताना एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. नोकरी, शिक्षण, उपचार किंवा भाड्याचे घर यांत या कारणाने भेदभाव करता येत नाही. संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि कोणाची बाधित स्थिती उघड करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमणे आवश्यक आहे.

बँकेत आयुष्य घालवलेल्या मला या कायद्यातील एक तरतूद विशेष हृद्य वाटते. खाते उघडण्याच्या अर्जावर 'अज्ञान पालनकर्ता' असा रकाना असतो आणि तिथे सज्ञान माणसाचेच नाव लागते, हा आमचा पक्का नियम. या कायद्याने त्याला अपवाद केला. एचआयव्हीने बाधित कुटुंबाचा कारभार पाहणारे, पुरेशी समज असलेले, १२ ते १८ वर्षांचे भावंड आपल्या धाकट्या भावंडांचे पालक म्हणून काम करू शकते. शाळाप्रवेश, उपचार, मालमत्तेची व्यवस्था आणि बँक खात्याचा व्यवहार यांसाठी त्याची सही ग्राह्य धरली जाते. आईवडील गमावलेल्या मुलीला शाळेच्या किंवा बँकेच्या दारातून परत पाठवले जाऊ नये, एवढाच त्यामागील विचार.

आपली शिबिरे, आपली दुकाने

आता आपल्या अंगणाकडे वळू. आपल्या समाजातील युवक मंडळे वर्षानुवर्षे रक्तदान शिबिरे घेत आहेत आणि ते कार्य निःसंशय मोठे आहे. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. तेव्हापासून तर स्वेच्छा रक्तदात्यांवरच रक्तपेढ्यांची मदार आहे. म्हणूनच एका गोष्टीकडे तरुण कार्यकर्त्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

रक्तदानापूर्वी दात्याला एक प्रश्नावली भरून द्यावी लागते. त्यात आजार, औषधे आणि जोखमीचे वर्तन यांविषयी खासगी प्रश्न असतात. आपल्या शिबिरांत बहुधा एकाच लांब टेबलाशी वडील, काका, शेजारी आणि मुलगा बसून हे अर्ज भरतात. अशा वेळी एखाद्या तरुणाचे खरे उत्तर 'होय' असले, तरी तो ते लिहील का? संसर्ग झाल्यानंतर काही काळ तो चाचणीतही दिसत नाही. त्यामुळे दात्याचे प्रामाणिक उत्तर हाच त्या काळातील मोठा आधार असतो. अर्ज भरण्यासाठी आडोशाची जागा ठेवणे आणि समुपदेशकाशी एकांतात बोलण्याची सोय करणे यास फार खर्च येत नाही.

दुसरे असे, की कोणी रक्त न देता परत निघाला तर 'का रे, काय झाले?' असे चारचौघांत विचारू नये. हिमोग्लोबिन कमी असण्यापासून चालू औषधांपर्यंत त्याची अनेक कारणे असतात. किती बाटल्या जमल्या याचा अभिमान जरूर बाळगावा. पण विक्रमाच्या आग्रहाने कोणाला भरीस पाडू नये. आपली चाचणी विनामूल्य व्हावी म्हणून कोणी रक्तदान करू पाहत असेल, तर त्याला सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राचा पत्ता द्यावा. तिथे चाचणी मोफत आणि गोपनीय असते. १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते.

हीच दृष्टी दुकानात आणि गोदामातही हवी. आपल्याकडे गावोगावचे तरुण कामाला असतात. मालवाहतुकीचे चालक दिवसेंदिवस घरापासून दूर राहतात. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा जाणकार समुपदेशकाला बोलावून तासभर बोलते करावे. त्या वेळी मालकाने तिथे थांबू नये. तरच प्रश्न विचारले जातील. विवाह ठरवतानाही पत्रिका आणि शिक्षण यांबरोबर दोन्ही बाजूंच्या संमतीने, समुपदेशनासह, दोघांचीही आरोग्य तपासणी व्हावी. केवळ मुलीकडे किंवा केवळ मुलाकडे बोट दाखवणारी मागणी म्हणजे तपासणी नव्हे, तो संशय झाला.

आमच्या पेशात ग्राहकाच्या खात्यातील रक्कम तिसऱ्याच्या कानी जाऊ न देणे हे पहिले व्रत. लोक बँकेत पैसा ठेवतात तो या भरवशावर. कोणी आपल्या आजाराची गोष्ट विश्वासाने सांगतो, तेव्हा तीही एक ठेवच असते. ती सांभाळण्याची शिकवण आपली मुले महाविद्यालयांत घेत आहेत. येत्या १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आपल्या गावच्या युवक मंडळाने या विषयावर कार्यक्रम ठरवला, तर वडीलधाऱ्यांनी नाक मुरडू नये. सभागृह उपलब्ध करून द्यावे, मागच्या रांगेत बसून ऐकावे आणि घरी परतल्यावर जेवताना तो विषय आपणहून काढावा.